२५ जूनचे तीन अर्थ

दरवर्षी २५ जून आला की फोनवर कपिलदेवच्या हातातला चषक येतो, तर वर्तमानपत्रांत आणीबाणीचे लेख. आमच्या घरी या तारखेवरून दोन गट पडतात. वडील १९७५ ची रात्र काढतात : मध्यरात्रीच्या सुमारास राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांची सही झाली, दिल्लीत वर्तमानपत्रांच्या छापखान्यांची वीज तोडली गेली आणि देशाला बातमी कळली ती सकाळी रेडिओवरून. मुलाला मात्र १९८३ चा लॉर्ड्सच हवा, म्हणजे त्या मैदानावरचा वेस्ट इंडिजविरुद्धचा विश्वचषकाचा अंतिम सामना. जेमतेम १८३ धावा, तरी ४३ धावांनी विजय! कपिलने घेतलेला रिचर्ड्सचा तो झेल सगळ्यांच्या तोंडी असतो. मला विचाराल तर आपल्या मुंबईकर बलविंदरसिंग संधूचा चेंडू जास्त आवडतो. बाहेर जाणार म्हणून ग्रिनिजने बॅट वर उचलली आणि चेंडू आत येऊन दांडी घेऊन गेला.

पण तिसरा २५ जून कुणीच काढत नाही. १९३२ साली याच तारखेला, याच लॉर्ड्सवर, भारताची पहिली कसोटी सुरू झाली. वारही तोच, शनिवार. कर्णधार नागपूरचे सी. के. नायडू. मोहम्मद निसारने सटक्लिफ आणि होम्सचे त्रिफळे उडवले, वूली धावबाद, इंग्लंड ३ बाद १९! सामना आपण १५८ धावांनी हरलो, हे खरे. तरी पुढच्या २५ जूनला चषकाच्या छायाचित्राशेजारी नायडूंच्या संघाचेही एखादे छायाचित्र छापावे, ही विनंती.

– एक वाचक, नागपूर