ज्याची सावली पडते तो नळ

दांडिया बाजार, बडोदे

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कथेचं पहिलं प्रकरण परवा रात्री वाचलं, काल दुपारी पुन्हा वाचलं. जंगल फार छान उतरलंय. त्या ओल्या काठाचं वाचताना मला श्रावणातली आपली विश्वामित्री नदी दिसत होती. पण हजार वर्षं जगलेली तुझी राजकन्या झाडांतून बाहेर आली आणि मी थबकले. चाफेकळी नाक, केतकी वर्ण, कमळासारखे डोळे. हे नाक आपण किती गोष्टींत वाचलंय! त्यात तिची हजार वर्षं कुठे आहेत?

फोनवर तू म्हणालीस, एल्फ, म्हणजे तुझ्या कथेतले ते न मरणारे लोक, इतके सुंदर असतात, ते लिहायचं कसं? त्यावर दोन दिवस विचार करतेय.

तू आठ वर्षांची असताना आपण लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या संग्रहालयात रविवर्म्याची चित्रं बघायला गेलो होतो, आठवतं? सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून पुराणांतल्या प्रसंगांची 14 चित्रं करून घेतली होती, त्यांतली. विश्वामित्र-मेनकेच्या चित्रासमोर तू मला विचारलंस, "आई, ही अप्सरा आहे हे कसं ओळखायचं? ही तर बाईच आहे." मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता वाटतं, चित्रकाराला चेहरा काढावाच लागतो, आणि चेहरा काढला की ती कुणीतरी एक बाई होते. लिहिणाऱ्यावर ती सक्ती नाही. तुझ्या हातात ही केवढी मोठी मोकळीक आहे बघ.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पुरूरवा आणि उर्वशीचा संवाद आहे, 95वं सूक्त. ती त्याला सोडून निघालीय, तो विनवतोय. ती म्हणते, पहिल्या उषेसारखी मी निघून गेले; वाऱ्यासारखी मी हाती न लागणारी. तिचं नाक कसं होतं, कुणास ठाऊक. पण पुरूरव्याचं काय झालं असेल ते कळतं, आणि त्यातून ती दिसते.

एल्फांच्या गोष्टी लिहिणाऱ्या तुझ्या लाडक्या टॉल्किननेही बऱ्याच ठिकाणी हेच केलंय. तू ते जाड पुस्तक माझ्या उशाशी ठेवून गेलीस, तेव्हा त्यातल्या गॅलाड्रिएल या एल्फ स्त्रीपाशी मी कितीतरी वेळ थांबले होते. गिम्ली खाणीत राबणाऱ्या कुळातला बुटका, एल्फांशी त्याच्या लोकांचं जुनं वैर. निरोपाच्या वेळी ती विचारते, तुला काय देऊ? तो मान खाली घालून अडखळत तिचा एक केस मागतो, आणि ती तीन देते. एल्फांतला सर्वांत मोठा कारागीर फेआनोर, त्याने पूर्वी तीनदा मागूनही तिने त्याला एक केस दिला नव्हता, हे मला तुझ्याकडूनच कळलं. ते कळल्यावर मी तो प्रसंग पुन्हा वाचला आणि डोळे भरून आले. तिचे केस सोनेरी आहेत हे त्यानं सांगितलंय, पण माझ्या लक्षात राहिला तो गिम्लीचा अडखळलेला आवाज.

आता मला मनापासून सांगायचंय ते. आजी तुला नळ-दमयंती सांगायची ना, गजरा ओवता ओवता? स्वयंवरात दमयंतीसमोर एकसारखे पाच नळ उभे राहतात. त्यांतले चार देव: इंद्र, अग्नी, वरुण, यम. ती त्यांनाच शरण जाते आणि म्हणते, तुमच्या खुणा दाखवा. मग तिला दिसतं. चौघांना घाम नाही, पापणी लवत नाही, माळा ताज्या टवटवीत, अंगावर धुळीचा कण नाही, पाय जमिनीला टेकलेले नाहीत. पाचव्याची माळ कोमेजलीय, अंगावर धूळ आणि घाम, डोळ्यांची उघडझाप होतेय. आणि त्याची सावली पडलीय. महाभारतात त्याला 'छायाद्वितीय' म्हटलंय, म्हणजे सावली हीच ज्याची जोडीदार. इथे आल्यावर आजी सुई थांबवायची. मग म्हणायची, "आणि तिनं कोमेजल्या माळेच्या गळ्यात ताजी माळ घातली."

अमरांचं रूप जगातल्या कुठल्याही गोष्टीत इतकं स्वच्छ मांडलेलं मला माहीत नाही. चार ओळींत लिहून झालं, तेही शेजारी एक घामेजलेला माणूस उभा केला म्हणून. तुझ्या प्रकरणात सगळेच अमर आहेत, सोनू. मग तिचं न कोमेजणं कुणाला जाणवणार?

टॉल्किनच्या ल्यूथिएनची गोष्टही मला याच घरातली वाटते. इलूवातार, म्हणजे त्या जगाचा निर्माता, त्याच्या सगळ्या लेकरांत सुंदर ती, आणि बेरेन मर्त्य. तो गेल्यावर ती मृतांच्या अधिपतीपुढे, मांडोसपुढे, उभी राहून गाते आणि त्याला द्रवायला लावते. आपली सावित्री यमाच्या मागे चालत गेली तशी. फरक इतकाच की ल्यूथिएनला त्याच्यासाठी स्वतःचं अमरपण सोडावं लागतं.

आणि हे रूप टॉल्किनला सापडलं कुठे? 1917 साली, यॉर्कशायरमधल्या रूस गावाजवळच्या रानात, पांढऱ्या फुलांत, त्याची बायको एडिथ त्याच्यासाठी नाचली होती. तो युद्धातून आजारी होऊन परतलेला. त्या एका दिवसावरून त्याने आयुष्यभर ती कथा पुन्हा पुन्हा लिहिली. 1971 साली एडिथ गेली, तेव्हा ऑक्सफर्डमधल्या तिच्या थडग्यावर त्याने तिच्या नावाखाली 'ल्यूथिएन' कोरून घेतलं. दोन वर्षांनी तोही गेला, त्यालाही तिथेच पुरलं, आणि त्याच्या नावाखाली 'बेरेन' आलं.

तेव्हा ते नाक काढून टाक. तिच्या जंगलात कुणीतरी म्हातारा होणारा आण. लाकूडतोड्या चालेल, वाट चुकलेला शिपाई चालेल. आधी तो तिला दिसू दे. त्याच्या कानामागे पहिला पांढरा केस येईल, ती तो बोटात धरून विचारेल, हे काय? तिने हजार वर्षांत असं काही पाहिलेलंच नसेल. ती तेव्हा कशी दिसत होती ते त्याच्याकडून ऐकायला मला आवडेल.

आजीला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून तुझं प्रकरण मी तिला वाचून दाखवलं. राजकन्या आली तिथे तिने हात वर केला आणि विचारलं, "हिच्या केसांत कुठलं फूल आहे? आणि ते संध्याकाळी सुकतं का?" मी म्हटलं, विचारून सांगते.

लिलो चिवडा आणि नवी वही पाठवलीय.

तुझी,
आई