येऊरच्या चढावर हरवलेला करंट

ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.

त्या दिवशी तुम्ही आमची बंद पडलेली गाडी चालू करून दिलीत, पण पैसे घेतले नाहीत. चहा घेतलात, तोही बिनसाखरेचा, आणि कळव्याची बस पकडून निघून गेलात. मोबाईलवरचं तुम्ही वाचत नाही, पण तुमची नात वाचून दाखवेन म्हणालीय. चारचौघांत लिहितोय, कारण आभारांसोबत एक कबुलीही द्यायची आहे.

आमची एमजीबी, म्हणजे उघड्या छपराची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, १९६९ची. बाबांनी ती घेतली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. १७९८ सीसीचं इंजिन, दोन कार्बोरेटर, आणि सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या. बाबांचा तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. उपवनहून येऊरच्या चढाला लागलो आणि ती आधी खोकायला लागली, मग फटाके फोडल्यासारखी फुटली आणि बंद पडली. पुढे नेता येईना, पण उतार असल्यामुळे मागे आणता आली. तलावाशी येईपर्यंत फिरायला आलेल्या निम्म्या ठाण्याने आमची वरात पाहिली.

मग एक गॅरेज. त्यांनी प्लग काढून बॉडीला टेकवला, सेल्फ मारला आणि करंट नाही म्हणून कॉईल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) गेली असं सांगितलं. नवी कॉईल आली, करंट आलाच नाही. मग वायरिंग पूर्ण बदलू म्हणाले. तिथून गाडी ओढत नौपाड्यात परत आणली. पंधरा दिवस ती ताडपत्रीखाली आणि बाबा गॅलरीत, दोघेही गप्प.

तुमचं नाव आमच्या इस्त्रीवाल्याने सांगितलं. टॅक्सीचे जुने इलेक्ट्रिशियन आहेत, म्हणाला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, त्यामुळे मला वाटलं होतं, आता कोण कशाला हत्यारं जपून ठेवतंय. तुम्ही आलात ते एक पिशवी, करंट आहे का ते दाखवणारा एक टेस्ट लॅम्प आणि बारीक फटी मोजायचं एक फिलर गेज घेऊन. बोनेट उघडण्याआधीच विचारलंत, "शेवटचा हात कुणी लावला, आणि कशाला?"

बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते. मी म्हणालो, "कुणीच नाही. आपोआप बंद पडली."

तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत आणि कामाला लागलात. चावी फिरवून मागचा पेट्रोल पंप टिकटिकतो का ते ऐकलंत. मग टेस्ट लॅम्प कॉईलच्या स्विचकडच्या टोकाला: लागला. पॉइंटकडच्या (कॉईलचा करंट जोडतो-तोडतो तो) टोकाला लावून मला सेल्फ मारायला सांगितलंत: दिवा लुकलुकायला लागला. "पॉइंट उघडमीट करतोय, कंडेन्सर पण जिवंत दिसतो. तुमची वायरिंग जाऊ द्या खड्ड्यात." मग आईकडून कपड्याचा प्लास्टिकचा चिमटा मागवलात. कॉईलची जाड वायर डेल्कोच्या, म्हणजे प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या, कॅपमधून उपटून चिमट्यात धरलीत, ब्लॉकपासून जरा लांब. सेल्फ मारला तशी निळी ठिणगी टचकन उडाली. म्हणजे कॉईल ठणठणीत, जुनीही ठणठणीतच असणार. करंट बनत होता. प्लगपर्यंत पोचत नव्हता.

आता उरली कॅप आणि तिच्या आत फिरून एकेका प्लगकडे करंट पोचवणारा रोटर. कॅपचा मधला कार्बन बोटाने दाबून पाहिलात, चष्मा लावून उन्हात तडा शोधलात. काही नाही. मग जे केलंत ते मी आयुष्यभर विसरणार नाही. पॉइंट मिटलेले असतील अशा जागी इंजिन आणलंत, चावी चालू ठेवलीत. ती जाड वायर रोटरच्या पितळी पट्टीच्या जेमतेम तीन मिलिमीटर वर धरलीत आणि स्क्रू ड्रायव्हरने पॉइंट उचकलात. ठिणगी वायरमधून थेट रोटरवर उडाली. परत, आणि परत.

मला काहीच कळलं नव्हतं. ठिणगी आली म्हणून मी खूश झालो! तुम्ही म्हणालात, "अहो, ती यायलाच नको. कॅप काढलेली आहे, रोटर एकटा. इथून त्या करंटला जायला वाटच नाही. उडतोय म्हणजे खालून शाफ्टमध्ये उतरतोय." रोटर उलटा करून दाखवलात. पितळी पट्टी धरणारा रिव्हेट इतका खोल गेला होता की त्याच्या आणि आतल्या स्प्रिंगच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्राच उरला होता, आणि त्यातून काळं भोक पडलं होतं. पंधरा-वीस हजार व्होल्ट असला पापुद्रा किती दिवस अडवणार? "करंटला नेहमी घरी जायची घाई. प्लगमध्ये दाब जास्त, तिथे उडी मारायला जोर लागतो. चढावर तर अजून जास्त." येऊरचाच चढ का, हे तेव्हा उमगलं. सपाटीवर तो पापुद्रा कसाबसा टिकला होता.

तर कबुली ही. तो रोटर मीच घातला होता. आदल्याच रविवारी, बाबा दुपारी झोपले असताना. सर्व्हिस करतो म्हणून पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर सगळं एकदम नवं बसवलं, मोबाईलवर व्हिडिओ बघून. गॅरेजवाल्याला हे सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. त्या चकचकीत पितळेवरून तुम्ही केव्हाच ओळखलं असणार. पण बाबांनी "काय झालं होतं?" विचारल्यावर तुम्ही एवढंच म्हणालात, "पार्ट खराब निघाला, साहेब." मला हळूच बाजूला घेऊन विचारलंत, "जुना टाकलात की आहे?"

होता. श्रीखंडाच्या डब्यात, बाकीच्या जुन्या सामानासोबत. तुम्ही तो फडक्याने पुसलात, बसवलात, आणि प्लगच्या वायरी एक-तीन-चार-दोन अशा मोजून पाहिल्यात. "ठिणगीचा टॅक्सीचाच क्रम आहे की हिचा," म्हणताना पहिल्यांदा हसलात. दुसऱ्या सेल्फला गाडी चालू झाली. बाबा खुर्चीतून उठले, ते काही बोलले नाहीत, बोनेटवर हात ठेवून उभे राहिले.

कॉईलचे पैसे वाया गेले, त्याचं फारसं वाईट वाटत नाही. सुरुवातीलाच खरं बोललो असतो तर ते वाचले असते, शिवाय बाबांचे पंधरा दिवसही. तुमच्या त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे इतक्या उशिरा देतोय, माफ करा. हे पत्र आज सकाळी आधी बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "श्रीखंडाचा डबा गायब होता तेव्हाच मला कळलं होतं."

खराब रोटर तुम्ही सांगितल्याप्रमाणे लाल दोरा बांधून वेगळा ठेवलाय, चुकून पुन्हा कुणी बसवू नये म्हणून. तुम्ही गाडी चालू करून दिलीत, पण तिच्यात बसला नाहीत. येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कळवा नाक्यावर येतो, तलावपाळीला एक चक्कर मारू आणि मग येऊर. चालवायला बाबा असतील. छप्पर काढलेलं असेल, कानटोपी घालून या.

आपला,
नौपाड्यातला एमजीवाला