मोजणी खासगी, पाळत मात्र तशीच

ब्राउझरमध्ये ‘जाहिरातीची खासगी मोजणी’ (जाहिरातीमुळे खरेदी झाली का, हे माणसाची ओळख न उघडता मोजणे) आली म्हणजे आपण सुरक्षित, हा समज अर्धाच खरा आहे. आयफोनच्या सफारीत ही सोय 2021 पासून आहे. सोलापुरी चादरीच्या जाहिरातीवर कुणी क्लिक केले आणि सात दिवसांत चादर घेतली, तर सफारी फक्त मोहिमेचा क्रमांक (0 ते 255) आणि खरेदीचा टप्पा (0 ते 15) कळवते. तेही 24 ते 48 तास उशिरा. एवढ्यावरून माणूस ओळखणे अवघड, हे मान्यच.

फायरफॉक्सने जुलै 2024 मध्ये, आवृत्ती 128 मध्ये, नोंद दोन तुकड्यांत फोडून दोन संस्थांच्या सर्व्हरवर पाठवण्याचा प्रयोग केला. दोघांनी संगनमत केले नाही, तरच ती गुप्त राहते. पण पर्याय न विचारताच चालू ठेवला होता. ऑस्ट्रियात तक्रार झाली ती त्यामुळेच, आणि ती रास्त होती.

खरी गोम वेगळीच. ही मोजणी जुन्या पाळतीच्या जागी आलेली नाही, शेजारी येऊन बसली आहे. ऑर्डर देताना टाकलेला मोबाइल नंबर, लिंकला चिकटवलेला ओळख-क्रमांक यांना ती हातच लावत नाही. क्रोममध्ये तर थर्ड-पार्टी कुकीज (आपण उघडलेल्या साइटवर दुसऱ्याच कंपन्यांनी ठेवलेल्या, साइटोसाइटी माग काढणाऱ्या छोट्या नोंदी) अजून चालतात. त्यामुळे नुसती मोजणी बंद करून फारसे साधत नाही. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन आधी त्या कुकीज अडवाव्यात. एखाद्या साइटचे लॉगिन किंवा पेमेंट अडलेच, तर तेवढ्या साइटला सूट द्यावी.

– एक वाचक, सोलापूर