अठरा हजार सत्तावन्न पौंड

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांवर निघालेल्या मालिकांबद्दलचा लेख वाचला. झगे, टोप्या, हवेल्या, घोडागाड्या, सगळं त्यात आलंय आणि लिहिलंयही रसाळ. फक्त शेवटी लेखिकाबाई म्हणतात, की या गोष्टींत गरीब-श्रीमंतांमधली दरी प्रेमानं बुजते. मी २८ वर्षं सूतगिरणीच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस विंचरायच्या खात्यात, काढली. त्या वाक्यावर गप्प बसवेना.

झालं असं, की सुट्टीत आलेल्या नातीनं मला बीबीसीची २००४ सालची ‘नॉर्थ अँड साउथ’ लावून दिली. चारच भाग आहेत. म्हणाली, ‘आजोबा, तुमच्या गिरणीची गोष्ट आहे.’ दक्षिणेतल्या पाद्र्याची मुलगी मार्गारेट कापडगिरण्यांच्या गावात येते आणि गिरणीमालक थॉर्न्टनशी भांडता भांडता त्याच्या प्रेमात पडते. पहिल्याच भागात ती गिरणीचं दार सरकवते. आत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, धडधडताहेत आणि हवेत पांढरं काहीतरी तरंगतंय. नात म्हणाली, ‘किती सुंदर, बर्फासारखं!’ मी म्हटलं, ‘थांब, मागं घे.’ तीनदा मागं घ्यायला लावलं.

साचे अस्सल होते. इंग्लंडातल्या बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलचं आता संग्रहालय झालंय आणि तिथले साचे वाफेच्या इंजिनावर चालणारे. चित्रीकरण तिथलं. पण रुई चुकीच्या खात्यात उडत होती. साचेखात्यात सूत कातून, खळ लावून येतं. तिथं उडते ती खळीची पूड. शिवाय धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात. साचेखात्याची खरी ओळख म्हणजे आवाज. लँकेशरच्या विणकर बायका त्या आवाजात एकमेकींचे ओठ वाचून बोलायच्या. आडवं सूत नेणाऱ्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढून घ्यायचं, याला तिकडं ‘धोट्याचा मुका घेणं’ म्हणत. दिवसातून कित्येकदा, आणि तोच धोटा दुसरीच्याही तोंडाला. मालिकेतल्या शेवटच्या मुक्यावर जग लुब्ध आहे, म्हणून आपलं सांगितलं.

रुई उडते ती कार्डिंगला. बारीक दात्यांच्या तारेनं मढवलेलं मोठं सिलिंडर फिरतं, कापूस विंचरला जातो, पुढून पेळू, म्हणजे कापसाची सैल दोरी, निघतो. मागं राहते ती लव, कचरा आणि धूळ. मशीन दिसायला साच्यासारखं देखणं नाही, म्हणून मालिकेवाल्यांनी आमची रुई उचलून साचेखात्यात नेली असावी. चालायचंच.

मालिकेत बेसी हिगिन्स नावाची एक खोकणारी मुलगी आहे. तिचं नीट काय झालं ते कळावं म्हणून मी नातीकडून मूळ कादंबरी मागवली. एलिझाबेथ गॅस्केल या बाईंनी ती लिहिली, ‘हाऊसहोल्ड वर्ड्‌स’ या साप्ताहिकात १८५४-५५ मध्ये क्रमशः आली. शब्दकोश शेजारी ठेवून तीन महिने लागले. त्यातही कामगार तोंडाला येईल तशा गावरान इंग्रजीत बोलतात. त्या बोलीपुढं शब्दकोशानं हात टेकले.

बेसीचं वय १९, नायिकेचंच. कार्डिंगला कामाला लागली आणि फुप्फुसांत रुई भरली. ती मार्गारेटला सांगते, की काही मालक खात्याच्या टोकाला एक मोठं चाक बसवतात. ते फिरलं की वारा खेचला जातो आणि धूळ बाहेर जाते. म्हणजे आमच्या भाषेत एक्झॉस्ट. पण चाकाला पाचशे-सहाशे पौंड लागतात आणि त्यातून नफा तर काही सुटत नाही, म्हणून फार थोडे मालक बसवतात. पुढं ती जे सांगते ते वाचून मी पुस्तक उलटं ठेवून बाहेर चक्कर मारून आलो. चाक असलेल्या खात्यात काम करायला काही कामगारच नाखूष असायचे. रुई गिळायची सवय झालेली. ती पोटात जाईनाशी झाली की भूक जास्त लागायची आणि पगार तेवढाच.

हे बसल्या जागी सुचत नाही. गिरणीकामगाराच्या तोंडून ऐकलेलं असल्याशिवाय कुणी लिहीत नाही. आमच्या वेळी रोज चालू कामावर छातीचं कळायचं नाही. सुट्टीनंतर सोमवारी पहिल्या पाळीला छाती आवळायची, बुधवारपर्यंत बरं वाटायचं. डॉक्टर त्याला बिसिनोसिस म्हणतात. आम्ही नुसतं ‘सोमवार’ म्हणायचो. ‘तुला सोमवार आहे का?’ असं विचारायचो. माझ्या शेजारच्या मशीनवरच्या माणसाला पुढं पुढं सगळेच वार सोमवार झाले.

आता पैशांकडं येतो, कारण खरी गंमत तिथं आहे. या जुन्या कादंबऱ्या पगाराला लाजत नाहीत. ‘जेन एअर’ (१८४७) या कादंबरीतल्या जेनला गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून शिकवणारी बाई, म्हणून वर्षाला ३० पौंड मिळतात. त्याआधी १८१३ मध्ये आलेल्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये डार्सी साहेब खोलीत पाऊल टाकतात आणि पाच मिनिटांत त्यांचं वर्षाचं उत्पन्न, १०,००० पौंड, सगळ्या दालनात पसरतं. काळ वेगळे आहेत हे मान्य, पण ढोबळ हिशेब केला तर जेनबाईंना त्याच्या एका वर्षासाठी ३३३ वर्षं शिकवावं लागेल. पडद्यावर असा आकडा एकदा कुणीतरी कुजबुजतं आणि मग तळं, ओला सदरा वगैरे सुरू होतं. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’च्या १९९५ च्या मालिकेत डार्सी साहेब तळ्यात उडी मारून ओल्या सदऱ्यात येतात, तो सदरा पुस्तकात नाहीच, हे आपल्या वाचकांना ठाऊक असेल. पाठीकडं वीस बटणं असलेला झगा एकटीला घालता येत नाही, पण बटणं लावणारे हात कॅमेऱ्याला कधी सापडत नाहीत, हा आमच्या घरातला आक्षेप. तो मी नुसता कळवतो.

‘नॉर्थ अँड साउथ’चा शेवट मालिकेत रेल्वे स्टेशनवर होतो. गाड्या थांबतात, ऊन पडतं, मुका. पुस्तकात स्टेशन नाही, लंडनमधलं एक घर आहे. संपानंतर थॉर्न्टन बुडालाय, गिरणी सोडायच्या बेतात आहे. मार्गारेट त्याला व्यवहार सुचवते: माझे १८,०५७ पौंड बँकेत पडून आहेत, अडीच टक्केच व्याज मिळतं, तुम्ही घ्या आणि मला जास्त द्या. मालिकेतही असं बोलणं आहे, पण तोवर संगीत इतकं चढलेलं असतं, की व्याजाचं कोण ऐकतंय?

मी ऐकलं. हे पैसे तिला वडिलांच्या जुन्या स्नेह्याकडून, बेल यांच्याकडून, वारशानं आलेत. बेल ऑक्सफर्डला पुस्तकांत रमलेले आणि थॉर्न्टनचे जमीनमालक. गिरण्या वाढल्या, जमिनीचा भाव वाढला, भाडं वाढलं. म्हणजे कार्डिंगच्या धुळीतून निघालेला पैसा ऑक्सफर्डला गेला, तिथून मार्गारेटकडं आला आणि आता कर्ज म्हणून गिरणीत परत चाललाय. त्यात इंग्लंडात तेव्हा कायदा असा, की वेगळा ट्रस्ट केलेला नसेल तर लग्न होताच बायकोची रोकड नवऱ्याची. १८७० च्या आणि मग १८८२ च्या कायद्यानं हे बदललं. गोष्ट त्याच्या कितीतरी आधीची. तेव्हा ती ‘हो’ म्हणाली की थॉर्न्टनवरचं कर्ज फिटलंच! यात प्रेम नाही असं मी म्हणत नाही. दोघं एकमेकांसमोर अवघडून उभी आहेत आणि बाईला मनातलं बोलायला व्याजदराशिवाय शब्द सापडत नाहीत, हे मला स्टेशनपेक्षा फार आवडलं. पण बुजली ती या दोघांमधली दरी, आणि दोघंही वरच्याच अंगाची. बेसी पुस्तकाच्या मध्यावरच जाते.

लेखिकाबाईंनी पुढं लिहिताना एवढा हिशेब बघावा. १८,०५७ पौंडांचं अडीच टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ४५१ पौंड आणि वर काही शिलिंग. चाकाची किंमत पाचशे-सहाशे. म्हणजे बँकेत नुसत्या पडून असलेल्या पैशांच्या सव्वा वर्षाच्या व्याजात एका खात्याची हवा साफ झाली असती.

हा हिशेब मी पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं केला होता. नातीनं तो फोनवर ताडून पाहिला, बरोबर निघाला. मग म्हणाली, ‘आजोबा, लग्नानंतर त्यांनी चाक बसवलं का?’

पुस्तक त्याच्या आधीच संपतं.

आपला,
एक निवृत्त कार्डिंग सुपरवायझर