शनिवारचे रक्तदाब तपासणी शिबिर : स्वयंसेवकांसाठी सूचना

नर्सिंग, फिजिओथेरपी, सगळ्यांनीच ओळखपत्र आणि स्टेथोस्कोप आणावा. अ‍ॅप्रन स्वच्छ हवा, हे वेगळे सांगायला नको, तरी सांगतो.

माणूस आला की लगेच कफ (दंडाला गुंडाळायचा पट्टा) बांधू नका. 5 मिनिटे बसू द्या. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीवर. कफ बाहीवरून नको. मोजताना गप्पा बंद, तुमच्याही! मिनिटभराने पुन्हा मोजा.

140/90 किंवा जास्त आले तर तिथल्या तिथे निदान सुनावू नका. चिठ्ठी देऊन ओपीडीत पाठवा. 180/120 च्या पुढे गेले किंवा छातीत दुखत असेल, तर थेट सरांना हाक मारा.

कुणाचेही आकडे किंवा फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत. जमणार नसेल त्यांनी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे बदली माणूस बघता येईल.