अठरावा वाढदिवस आणि खोलीचा शोध

संपादक महोदय,

बँकेत ३१ वर्षं काढून मी जूनमध्ये बुधवार पेठेतल्या वेश्यावस्तीतून सोडवलेल्या मुलींच्या संस्थेची सचिव झाले. वाटलं, हिशेबच तर सांभाळायचे! पहिल्याच आठवड्यात एकीला अठरावं पूर्ण झालं. केक कापताना ती सारखी विचारत होती, "ताई, आता मला जावं लागणार?"

बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम ४६मध्ये अठरानंतर आर्थिक मदतीची तरतूद आहे. आमचा अर्ज मात्र तीन महिने एका टेबलावर पडून आहे. घरमालकांना संस्थेचं नाव सांगितलं की खोली 'कालच गेलेली' असते. पोरगी फॉल-पिको माझ्यापेक्षा सुबक करते. भाडं वेळेवर मिळेल, हमी माझी. पुण्यात कुणी खोली देईल का?

— एक निवृत्त बँक कर्मचारी, पुणे