चि. सईस, दुसऱ्या बासविषयी

शहापूर, बेळगाव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर आवाज चढला. तू विचारलं दुसरा बास गिटार कोणता घ्यायचा आणि बोलणं गेलं गोव्याच्या कार्यक्रमावरून रात्री घाटानं परतण्यावर. आज फक्त बासचं लिहितो. घाटाचा विषय काढणार नाही असं तुझ्या आईला कबूल करूनच लिहायला बसलोय.

तिन्ही बासचे फोटो बघितले. आखूड मानेचा, पोकळ बॉडीचा तो दिसायला देखणा आहे, पण त्याला या यादीतून आत्ताच काढ. ३० इंची स्केलवरून (स्केल म्हणजे तारेची वाजती लांबी) ३४ इंचीवर एका गाण्याच्या फरकानं उडी मारायची म्हणजे हात फसणार, आणि मोठ्या स्टेजवर मॉनिटरचा आवाज वाढला की पोकळ बॉडी घुमायला लागते. राहिले दोन, पी-जे आणि पाच तारांचा. तुझं मन पी-जेवर आहे हे कळलं, कारण त्याचेच फोटो चारही बाजूंनी काढलेत.

माझं मत पाच तारांचा घे.

तुझ्याकडं चार तारांचा प्रिसिजन, म्हणजे ‘पी’, आहे. १९५७ पासून त्याचा दोन तुकड्यांचा पिकअप (तारेची थरथर उचलणारं चुंबक) जसा आहे तसाच राहिलाय, कारण त्याचा मधला जाड आवाज ड्रम आणि गिटारच्या गर्दीत आपली जागा सोडत नाही. पी-जे म्हणजे तोच पिकअप आणि ब्रिजजवळ, म्हणजे बॉडीवर तारा अडकवतात तिथं, जॅझ बासचा आणखी एक. तो जॅझवाला एकटा लावलास की सिंगल कॉइल असल्यामुळं लाइटच्या डिमरजवळ गुणगुणतो. दोन्ही लावलेस की पी त्याला झाकून टाकतो, कारण पीचा आउटपुट मोठा असतो. पिकअपची उंची कमीजास्त करून थोडं जमतं. पण मग एवढे पैसे घालून हातात काय आलं? आहे तोच बास आणि एक जादा नॉब. दुसऱ्यांची गाणी वाजवणाऱ्या कव्हर बँडमध्ये दुसरा बास घ्यायचा तो पहिल्याला जे येत नाही त्यासाठी.

आणि पहिल्याला येत नाही ते खालचे स्वर. चार तारांत सगळ्यात खाली पांढरी तीन (पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी), ४१ हर्ट्‌झ. मूळ गाणं पांढरी तीनमध्ये असलं तरी तुमची निशा ते पांढरी दोनवर घेते, आणि तिसऱ्या सेटला गळा थकला की अजून खाली, हे तूच सांगितलंस. अशा वेळी तू षड्ज वरच्या सप्तकात घेतेस आणि नाचणाऱ्यांच्या पायाखालची जमीन जाते. मागच्या महिन्यात पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ते तीन ठिकाणी ऐकू येतं. (बाकी वाजवणं चोख आहे. शंकरमामाला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, पोरगी ढोलकीला सोडत नाही. त्याच्या तोंडून एवढं आलं म्हणजे बघ.)

चौथी तार पांढरी दोनपर्यंत उतरवायचा खटका मिळतो, पण मग त्या तारेवरची सगळी बोटं दोन फ्रेट (मानेवरच्या आडव्या पट्ट्या) सरकतात, आणि काळी एकवर पुन्हा अडतंच. शिवाय हल्लीच्या हिंदी आणि कन्नड नाचाच्या गाण्यांत बास सिंथवरचा असतो. तो गिटारचा विचार करून बसवलेलाच नसतो, सहज चार तारांच्या खाली जातो. पाचवी तार पांढरी सातची, ३१ हर्ट्‌झ. काळी एक, पांढरी एक, पांढरी दोन सगळं एकाच जागी, हात न हलवता.

पण पाच तारांतही दहा भानगडी आहेत.

पहिली म्हणजे तारांमधलं अंतर. तुझ्या प्रिसिजनला ब्रिजवर साधारण १९ मिलिमीटर आहे. आयबानेझ एसआरच्या पाच तारांना १६.५. बोटानं वाजवायला छान, पण तुला स्लॅपमध्ये, म्हणजे अंगठ्यानं तार ठोकताना, अंगठा दोन तारांत अडकल्यासारखा वाटेल. दुकानात पट्टी काढून मोजायला लाजू नको.

दुसरी, ॲक्टिव्ह-पॅसिव्हचा (बॅटरीवर की बॅटरीशिवाय) खटका असलेलाच घे. यामाहाचा टीआरबीएक्स३०५ आणि ५०५ दिसायला भावंडं, पण ३०५ ला तो खटका नाही, बॅटरी गेली की बास मुका. ५०५ ला आहे. आयबानेझ एसआर५०५ लाही बॅटरीवरचा ईक्यू (आवाजाचे नॉब) बायपास करायचा खटका आहे. गाण्याच्या मध्ये ९ व्होल्टची बॅटरी संपली तर करंगळीनं खटका पाडायचा आणि पुढं चालू. बॅटरी एकदम मरत नाही. आधी जोरात मारलेला स्वर फाटायला लागतो, मग आवाज बसतो. तो फाटका आवाज ऐकू आला की स्पीकरवाल्याशी भांडत बसू नको, बॅटरी बदल. अल्कलाइनच घे. आणि जॅक घातलेला असेपर्यंत बास चालूच असतो, तेव्हा कार्यक्रम झाला की केबल काढायची. रात्री दीड वाजता थकून गाडीत सामान टाकताना हेच विसरतं, आणि तशा थकलेल्या अवस्थेत तुम्ही सोमवारच्या ऑफिससाठी… असो. बासचं लिहितोय.

दुकानात गेलीस की आधी ॲम्पला लावू नको. नुसता वाजव. पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट दाबलास की पांढरी तीन येते, तीच चौथ्या मोकळ्या तारेवर आहे. दोन्ही एकामागून एक मार आणि कान लाकडाला लावून ऐक. दोन्ही सारख्या वेळ टिकल्या, सारख्या जाड वाटल्या तर ती पाचवी तार कामाची. पाचवीचा स्वर भस्सकन येऊन मरत असेल तर नवीन तारा लावून बघायला सांग, तरीही तसाच राहिला तर बास तिथंच ठेव. मग पाचव्या तारेवर बाराव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर. त्यानंतर सगळ्यात बारीक तारेवर पाच ते सात फ्रेट. बोल्टनं जोडलेल्या मानेत मेलेली जागा बहुतेक तिथंच सापडते. एखादा स्वर शेजाऱ्यांपेक्षा लवकर विझत असेल तर तो सेटिंगनं सुटत नाही, लाकडाचा गुण आहे तो.

ब्रिजकडंही बघ. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर हार्मोनिकपेक्षा (तिथंच तार नुसती शिवून काढलेल्या स्वरापेक्षा) चढा लागला तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागं घ्यावं लागतं, आणि जाड तारेचं सॅडल सगळ्यांत मागं जातं. स्क्रू संपलाय आणि स्वर अजून चढाच आहे, असा बास मी पाहिलाय. तारांचा सूर जुळल्यावरही सॅडलमागं थोडी जागा शिल्लक राहायला हवी. ट्रस रॉड (मान सरळ ठेवणारा आतला गज) दोन्हीकडं हलतो का तेही विचार. आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर पावसाळ्यात मान वाकली की हातात काही उरत नाही.

मग पट्टा लावून उभी राहा आणि दोन्ही हात सोड. बासचं डोकं जमिनीकडं झुकलं तर चार तासांच्या कार्यक्रमात डावा हात ते वजन उचलण्यातच जाणार. वजन काट्यावर करून घे, सव्वाचार किलोच्या वर नको. खांदा तुझा तोच आहे, दहावीत सायकलवरून पडलेला. रुंद पट्टा घे, तीन इंची.

शेवटी ॲम्प. तुझी स्वतःची केबल घेऊन जा. प्रत्येक नॉब फिरव, खरखर ऐक. खटका पाड, टप्‌ असा मोठा आवाज येतो का आणि पॅसिव्हमध्ये आवाज किती पडतो ते बघ.

घरी आणल्यावर तारांचा ४५ ते १३० जाडीचा संच चढव. जाड तारेचं टोक कापण्याआधी काटकोनात वाकव आणि मग काप, नाहीतर वरचं वेटोळं आतल्या तारेवर सैल होतं आणि ती कायमची मेल्यासारखी वाजते. लहानपणी दुकानात पक्कड घेऊन बसायचीस, आधी कापायचीस आणि मग विचारायचीस. अजून तुला वाकव म्हणून लिहावं लागतं यातच आलं सगळं. खुंटीवर दोन-तीन वेढे पुरे. मग पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघ, ०.३५ मिलिमीटरच्या आसपास. जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेनं पाव फेरा, त्याहून जास्त एका वेळी नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोज. लाकूड सावकाश ऐकतं. सतराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या थोडी वर, बारीक तारेची दोन. पाचव्या तारेखालचा पिकअप फार वर आणू नको. चुंबक तार ओढतो आणि स्वर डळमळतो.

हाताची नवीन सवय एकच लागेल. पाचवी तार वाजवत नसतानाही गुरगुरते. उजवा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता तारांवर सरकता ठेव, म्हणजे खालच्या स्वरांच्या तारा आपोआप दबतात. पंधरा दिवस घरी हेच कर, मगच स्टेजवर ने.

एक गैरसमज आधीच काढतो. ३१ हर्ट्‌झ तुमच्या लॉनवरच्या स्पीकरमधून नीट येत नाहीत, वरच्या छोट्या स्पीकरमधून, टॉपमधून, तर नाहीतच. ऐकू येतो तो त्याचा दुप्पट, ६२ च्या आसपासचा. म्हणून नॉबवरचा बास वाढवू नको. त्यानं स्पीकर नुसता हलतो आणि ॲम्पची ताकद संपते. तीस-पस्तीसच्या खालचं मिक्सरवरून कापून टाकायला सांग आणि मधल्या पट्ट्यात थोडं वाढव. आणि कीबोर्डवाल्या आमोदला सांग की तू वाजवतेस तेव्हा त्याचा डावा हात सप्तकभर वर राहू दे. ऑर्केस्ट्राची सवय जात नाही त्यांची. दोघं एकाच जागी वाजवता आणि लोक म्हणतात बास कळत नाही.

आता प्रिसिजनचं. नवा आला की त्याचं काम बदल. त्याला फ्लॅटवाउंड (चपट्या वेटोळ्याच्या) तारा लाव, ब्रिजपाशी तारांखाली स्पंजची पट्टी, टोन निम्म्यावर. जुनी हिंदी-मराठी गाणी, लावणी, कोळीगीतं सगळी त्यावर. फ्लॅटवाउंडचा ताण जास्त असतो, म्हणून मान पुन्हा तपास. नव्याची तार तुटली तर तो जोडीला उभा आहेच. दोघांचा आवाज सारखा करून ठेव. ॲक्टिव्ह मोठा येतो, तेव्हा त्याचा व्हॉल्यूम पाऊण ठेवून प्रिसिजन पूर्ण उघड, आणि ट्यूनर पेडलवर म्यूट करूनच केबल बदल.

गोव्यातल्या समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तारा गंजतात, प्रत्येक सेटनंतर कोरड्या फडक्यानं पूस. जनरेटरवर कार्यक्रम असेल तर माइकला ओठ लावण्याआधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक तारेला, एक माइकच्या जाळीला. काही व्होल्ट दिसले तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत गायचं नाही, कितीही ओरडू देत. हे ऐकायचंच. 

पुन्हा मास्तरकी झाली, माफ कर. ऑफिसमध्ये तुझ्या हाताखाली आठ माणसं आहेत, हे मला इथं बसून आठवत नाही.

पण जे मनात आहे ते लिहिल्याशिवाय पाकीट बंद होणार नाही. साखळी, केरी सोडलं की चोर्ला घाट लागतो. रात्री दोन-तीनला वळणावर गवा उभा असतो आणि हेडलाइट पडला तरी हलत नाही. कणकुंबीपाशी धुकं उतरलं की बोनेट दिसत नाही. जांबोटी येईपर्यंत चहाची टपरीही उघडी नसते. तिथून बेळगाव, आणि बेळगावपासून पुणं अजून जवळपास साडेतीनशे किलोमीटर. आंबोलीनं गेलात तरी तेच. ड्रमवाला पोरगा चार तास वाजवून वर एवढी गाडी चालवणार? मी तुला गोव्याला जाऊ नको म्हणत नाही. रविवारी तसं ऐकू आलं असेल, तसं नाही. कार्यक्रम संपला की तिथंच झोपा आणि उजाडल्यावर घाट चढा. सोमवारी अर्धी रजा टाक. नाहीतर पगारी ड्रायव्हर घ्या, बासच्या बजेटमधले पाच हजार कमी कर, मी घालतो. येताना घरी उतरा, पाच जणांची अंथरुणं होतात. आक्काची खोली रिकामीच आहे.

तुझ्या आईनं हे पान वाचलं आणि म्हणाली, बासचं लिहिणार होतात ना. तिनंच त्या दिवशी पहाटे चारपर्यंत दिवा चालू ठेवला होता, ते मात्र लिहू नका म्हणते.

आपला बेळगावी कुंदा बापूंच्या हातून पाठवलाय, ते येत्या शनिवारी पुण्यात येताहेत.

तुझा,
अप्पा

ता. क. : नव्या बासला पट्ट्याची लॉक असलेली बटणं लावून घे, जुनी बटणं पिशवीत ठेव. आणि १३० ची एक सुटी तार जास्तीची घे, ती सगळ्या दुकानांत सुटी मिळत नाही. ड्रायव्हर ठरला की त्याचा नंबर पाठव.